आंबा सोडलेल्या आत्यासाठी पाई

आमच्या खानदानात काशीला जाऊन आलेले लोक भोत हुशार निघाले. काशीला गेलं की आपल्या आवडीची एक खायची चीज तिथं सोडून यायची, म्हणजे जन्मभर पुन्हा तोंडाला लावायची नाही, अशी आमच्याकडची रीत. माझे काका पडवळ सोडून आले. मामा फणस सोडून आले. इंदूरला फणसाचे गरे कुणी कोकणातून आणले तर आणले, मामांचं काय जातंय? एका मावशीनं तर ड्रॅगन फ्रूट सोडलं, जे तिनं आजवर फक्त फोनमध्ये बघितलं होतं.

आणि माझी आत्या आंबा सोडून आली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, मराठी शाळेत तीसेक वर्षं पोरांचे कान पिळले, आणि माझी आई लवकर गेल्यावर मला तिनंच वाढवलं. अजूनही ती आमच्याकडेच असते, किंवा खरं सांगायचं तर आम्ही तिच्याकडे असतो. आंबा म्हटलं की ही बाई वेडी. कोपरापर्यंत रस ओघळेस्तोवर खायची, कोय पांढरी होईपर्यंत चोखायची, आणि आम्ही हसलो की म्हणायची, "हसा लेको. स्वर्गात आंबा मिळतो की नाही, कुणी बघून आलंय का?"

नऊ वर्षांपूर्वी मला कावीळ झाली. साधी नाही, यकृतच बसलं. डोळे हळदीसारखे, वीस दिवस हॉस्पिटलात. चूक माझीच होती, रोज संध्याकाळी बाहेर उभं राहून तळलेलं हाणायचं आणि घरी येऊन सेव, म्हणजे तुमची शेव, खायची. माझ्या हातात सेवेचा डबा दिला की तो रिकामाच परत यायचा. एके दिवशी डॉक्टरनं बायकोला बाहेर बोलावून काहीतरी सांगितलं, आणि ती आत आली ती माझ्याकडे बघेना. त्याच दिवशी आत्यानं मनाशी नवस बोलून टाकला. मी घरी आलो, हिंडायफिरायला लागलो, तशी ती एकटी रेल्वेत बसून काशीला गेली. परत आली ती गंगाजलाचा तांब्याचा गडू घेऊन. गडू देवाजवळ ठेवला आणि मला म्हणाली, "तुझ्यासाठी आंबा सोडला. आता मुकाट्यानं जग."

मला राग आला होता. अजून येतो. अरे, कुणी सांगितलं होतं? कारलं सोड, शेपू सोड, आपल्या घरात काय कमी वाईट भाज्या होतात? पण नाही.

आणि सोडला म्हणजे कसा! घरात मोठी पंचायत बसली, की कैरी हा आंबा धरायचा का? लोणचं? पन्हं? काका म्हणाले, कैरी वेगळी, आंबा वेगळा, शास्त्रात सवलत आहे. आत्या म्हणाली, "सवलत तुमच्या पडवळाला ठेवा." लोणचं बंद, पन्हं बंद, आंबापोळी बंद. कचोरीवाल्यासमोर उभी राहून विचारायची, "भिया, इसमें अमचूर है क्या?" तो हात जोडून म्हणायचा, "माताजी, अमचूर नहीं तो कचोरी काहे की?" ही पाठ फिरवून घरी. इंदूरमध्ये राहून कचोरी गेली बिचारीची, माझ्या यकृतापायी.

एक मात्र तिनं सोडलं नव्हतं, वास. "खायचा सोडलाय, हुंगायचा नाही," असं तिचं म्हणणं. तिचं नाक म्हणजे काय सांगू! आमच्या कॉलनीतले लोक आंब्याच्या पेट्या घेऊन तिच्याकडे येतात. ती ओट्यावर बसून एकेक फळ नाकाला लावते. हा आज, हा परवा, हा नासका, फेक. चौथ्या घरी कुणी आंबा चिरला तरी हिला इथं कळतं, आणि तो बदाम जातीचा की दशेरी, तेही.

आता गर्मीच्या सुट्टीचं ऐका. मे महिन्यात आमचं घर म्हणजे धर्मशाळा. पुणे, नागपूर, देवास, जिथं जिथं आमचे लोक सांडलेत तिथून सगळे येतात. मागच्या वर्षी वीस होते, यंदा बावीस. दोन बेडरूम, एक कूलर, एक एसी. आणि आल्यावर एक दिवस आमरस-पुरी ही ठरलेली. त्या दिवशी सगळे वाट्याच्या वाट्या रिचवतात आणि आत्या कोपऱ्यात दही-साखर घेऊन बसते. वाढायलाही तीच. मला तो रस नरड्याखाली उतरत नाही, आणि नाही खाल्ला तर ती ओरडते, "तू खा मेल्या, नाहीतर मी कशाला सोडलाय?" म्हणजे मी तिच्यासमोर बसून, तिच्या देखरेखीखाली, तिचाच आंबा खायचा. दर वर्षी.

मागच्या वर्षी नागपूरच्या पुतणीची छोटी पोरगी आत्याच्या वाटीकडे बघून म्हणाली, "पणजीआजी, तुला शिक्षा झालीय का?" सगळे हसले. आत्या सगळ्यांत जास्त हसली. नंतर मी पाणी प्यायला रसोईत गेलो, तर ती सिंकपाशी पाठमोरी उभी होती. खरकट्यातली एक कोय उचलून नाकाशी धरली होती आणि डोळे मिटलेले. मी तसाच मागं फिरलो. त्या दिवशी ठरवलं, पुढच्या मेमध्ये या घरात आमरस होणार नाही. असं काहीतरी गोड होईल, जे सगळे खातील आणि त्यात पहिली आत्या असेल.

मी लॉकडाऊनमध्ये बेकिंग शिकलेला माणूस आहे. त्या दोन वर्षांत लोक काय काय शिकले, मी केक आणि फळांची पाई शिकलो, आणि सांगायला लाज कसली, पाई मला बरी जमते. खाली मैद्याचं खुसखुशीत आवरण, मध्ये शिजलेलं फळ, वर पुन्हा आवरण. फळ ठरवलं आलूबुखारा. पहाडातून तो नेमका मेअखेरीस येतो, लालबुंद, आंबट, भाजला की रस सुटतो. आणि त्याचा आंब्याशी काही संबंध नाही, हे महत्त्वाचं.

बायकोनं सांगितलं, "मैदा-लोण्याचं पीठ या गर्मीत जमणार नाही." नाहीच जमत. लोणी थंड हवं आणि बाहेर त्रेचाळीस. पीठ हातात घेईपर्यंत त्याचं तेल होतं. थंड जागा एकच, एसीची खोली, आणि दुपारी तिथं बारा माणसं आडवी पडलेली. शेवटी मी इस्त्रीचं टेबल आत नेलं, त्यावर धुतलेली चादर घातली आणि झोपलेल्यांच्या पायांमधून वाट काढत पीठ लाटायला लागलो. खोली जागी झाली. झोपल्याझोपल्या सल्ले सुरू.

"अरे, साटा लाव, चिरोट्यासारखा."

"तूप घाल ना, लोणी कशाला?"

पुण्याची चुलतबहीण उशीवरून डोकं न उचलता म्हणाली, "आमच्याकडे हे तयार मिळतं हं." ही बहीण दर वर्षी येते आणि दर वर्षी विचारते, तुम्ही नक्की मराठी बोलता की हिंदी. मी म्हणालो, "तुमच्याकडे तयार मिळतं तर तिथंच राहायचं होतं, गर्मी में काहे को इधर आईं?" ती म्हणाली, "बघ, पुन्हा हिंदी." मी लाटणं आपटलं. टेबलावरचा मैदा तिच्या केसांवर उडाला. त्यानंतर सल्ले थांबले.

बावीस जणांना तीन मोठ्या थाळ्या लागणार आणि माझ्या ओव्हनमध्ये एक छोटी मावते. म्हणून मी भट्टीवर जायचं ठरवलं. परदेशीपुऱ्यात एक जुनी बेकरी आहे, तिथं अजूनही लोक घरून नानखटाईचं पीठ मळून नेतात, थाळ्या बेकरीच्या, भट्टी बेकरीची, सामान आपलं. लहानपणी सुट्टीत आत्या मला तिथं न्यायची. तेव्हाच्या मालकाचा मुलगा आता स्वतः म्हातारा झालाय आणि मला 'भिया' म्हणतो.

भर दुपारी दोन वाजता रिक्षात बसलो. मांडीवर शिजवलेल्या आलूबुखाऱ्याचं पातेलं, पायाशी बर्फाच्या डब्यात लाटलेलं पीठ. वाटेत एका गतिरोधकावर रिक्षा उडाली आणि आलूबुखारा थोडा माझ्या शर्टावर आला. भट्टीवर पोचलो तेव्हा म्हातारा मला बघून उभाच राहिला. त्याला वाटलं, मारामारी करून आलोय.

मी तीन थाळ्यांत खालचं पीठ बसवलं, फळ ओतलं. म्हाताऱ्यानं बोट बुडवून चाखलं आणि एक डोळा मिटला.

"भिया, ये तो भोत खट्टा है."

"भाजल्यावर बरोबर होतं."

"मेहमान हैं घर में?"

"बावीस."

"अरे रे," म्हणाला, जणू बावीसच्या बावीस आजारी आहेत.

तेवढ्यात बायकोचा फोन, बर्फ संपलाय, येताना घेऊन या. मी म्हाताऱ्याला सांगितलं, वरचं पीठ मी परत येऊन लावतो, थांबा. समोरच्या दुकानातून बर्फाची लादी बांधून घेतली, उसाचा रस प्यायलो, पाऊण तास गेला असेल. परत येतो तर थाळ्या भट्टीत. "बैठो भिया," म्हातारा म्हणाला, "ढक्कन हमने लगा दिया. आपके हाथ से टेढ़ा लगता." मी चिडलो, पण वरचं पीठ त्यानं खरंच सुरेख लावलं होतं, कडेला करंजीसारखी मुरड घालून. मग काय बोलणार? थाळ्या बाहेर ओढताना माझं मनगट भाजलं, त्यावर त्यानंच बर्फ लावून पट्टी बांधली.

पाच वाजता चहाबरोबर पाई कापली. बावीस माणसं हॉलमध्ये, जिन्यात, पलंगावर. मी पहिला तुकडा आत्याच्या हातात दिला. तिनं ताटली नाकाजवळ नेली. ते काही विशेष नाही, ती पाण्याचा पेलासुद्धा हुंगते. पण ती थांबली. माझ्याकडे बघितलं. माझा शर्ट लाल, मनगटावर पट्टी, घाम निथळतोय.

"कशाचं आहे रे?"

"आलूबुखाऱ्याचं. फक्त आलूबुखाऱ्याचं, आत्या. तुझ्यासाठी केलंय. यंदा तू कोपऱ्यात नाही बसायचंस."

तिनं आणखी एकदा माझ्याकडे बघितलं आणि घास घेतला. डोळे मिटून, सावकाश. मग डोळे न उघडताच म्हणाली, "अजून दे."

दोन तुकडे खाल्ले तिनं! मला, सांगतो, रडू आलं. मी तोंड फिरवून चहा गाळायला लागलो. तिन्ही थाळ्या अर्ध्या तासात साफ, मला चाखायलाही उरलं नाही. पुण्याची बहीण बोटं चाटत म्हणाली, "यात पीच आहे का? काहीतरी ओळखीचं लागतंय." मी म्हणालो, "शुद्ध मराठीत सांगतो, नाही."

संध्याकाळभर आत्या मात्र माझ्या मागं मागं. माझ्या कपाळाला हात लावला. जीभ दाखव म्हणाली. खालची पापणी ओढून डोळा बघितला, एकदा नाही, तीनदा. मला वाटलं, उन्हात फिरलो म्हणून काळजी करतेय. बायको म्हणाली, "कौतुक करायची त्यांची पद्धत आहे ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी थाळ्या परत द्यायला भट्टीवर गेलो. म्हाताऱ्यासाठी एक तुकडा बाजूला ठेवला होता, तो दिला. त्यानं खाल्ला आणि छाती फुगवून म्हणाला, "अब बना न बराबर? हमने दो डिब्बा आम का रस डाल दिया था, भिया. नहीं तो आपके मेहमान मुँह बनाते."

मी त्या माणसावर ओरडलो. काय काय बोललो, ते लिहिण्यासारखं नाही. तो हातावरचा चुरा झटकत म्हणाला, "आम ही तो डाला है भिया, कोई जहर थोड़ी." बरोबरच होतं त्याचं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत? नऊ वर्षं जिनं कचोरीतल्या अमचुराला हात लावला नाही, तिला मी माझ्या हातानं, गाजावाजा करून, दोन तुकडे आंबा खाऊ घातला होता.

घरी आलो. बायकोला रसोईत बाजूला घेऊन सांगितलं. ती म्हणाली, "आत्यांना अजिबात सांगू नका. न कळून झालं ते झालं." सल्ला उत्तम होता. पण माझ्या पोटात आजवर काही राहिलेलं नाही. आत्या ओट्यावर बसून शेजाऱ्यांची पेटी हुंगत होती. मी समोर जाऊन बसलो आणि सगळं सांगून टाकलं.

ती हातातलं फळ फिरवत राहिली. "हा परवा पिकेल," असं म्हणून तिनं ते बाजूला ठेवलं.

"आत्या, ऐकलंस का? त्यात आंबा होता."

"मला नाक नाही का? तू रिक्षातून उतरलास तेव्हाच कळलं. बदाम होता. जरा जास्त गोड."

"मग खाल्लास का?"

"तुझं तोंड बघितलं होतंस का आरशात? हात भाजून, शर्ट रंगवून, भर उन्हात परदेशीपुऱ्याला जाऊन आला होतास. आणि म्हणतोस, तुझ्यासाठी केलंय. त्यावर मी काय म्हणायला हवं होतं, मला चालत नाही?" मग एकदम तिचा आवाज बारीक झाला. "घास घेताना म्हटलं देवाला, याला काही करू नकोस, खाते मी आहे. पण मला रात्रभर झोप नाही रे. तुला काही झालं तर?"

म्हणून ती पापणी! म्हणून ती जीभ! मी तिचा हात धरला. पाऊणशे वर्षांची बाई, शाळाभर जिचा धाक, आणि दोन तुकड्यांपायी रात्रभर जागी. मला तिचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की दोन्ही एकाच वेळी कसं येतं कोण जाणे. म्हणालो, "मी ठणठणीत आहे. बावीस माणसांचं केलं मी काल. आता तू आंबा खा. बस्स झालं."

"असं कसं? कुणीतरी काहीतरी सोडायला हवंच."

"मग मी सोडतो."

हे मी भावनेच्या भरात बोललो. पुढच्या क्षणी तिच्या डोळ्यांत ती जुनी, वर्गातली चमक आली.

"नक्की?"

"नक्की. पडवळ सोडतो."

"सेव सोड."

दारात उभी असलेली माझी बायको, जी नऊ वर्षं डॉक्टरची चिठ्ठी घेऊन माझ्या मागं हेच म्हणत होती, ती मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. मी म्हणालो, "आत्या, अपन इंदौर के हैं. सेवेशिवाय पोहे? सेवेशिवाय भाजी? लोक चहात घालून खातात इथं!" आत्या उठली, देवाजवळचा गडू घेऊन आली, नऊ वर्षांचं त्याचं सील तोडलं आणि म्हणाली, "हात पुढे कर." बावीस माणसं ओट्याभोवती जमा. पुण्याच्या बहिणीनं व्हिडिओ काढला. तळहातावर गंगाजल पडलं आणि माझी सेव गेली.

आज या गोष्टीला तीन आठवडे झाले. पाहुणे आपापल्या घरी गेले. सकाळी मी कोरे पोहे खातो. बायको डबा माझ्यासमोरून नेते तेव्हा मी नुसता हुंगतो, त्याला परवानगी आहे, आत्याला विचारून घेतली. आंब्याचे शेवटचे दिवस आहेत. आत्यासाठी रोज एक वाटी रस काढतो आम्ही. वाटी समोर आली की ती मला जवळ बोलावते. चष्मा लावते, अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढून डोळा उजेडाकडे करते आणि नीट बघते. पांढरा आहे, अशी खात्री पटली की मगच ती वाटीला हात लावते.